नदीकांठीं चकतीचा खेळ

हस्तिनापुराबाहेर खेळतां खेळतां कौरवपांडव कुमारांची वीटा एका कोरड्या विहिरींत पडली व ती कोणासच काढतां येईना. तेव्हां एका कृश, वृद्ध ब्राह्मणानें गवताच्या काड्या मंत्रून, एकीच्या टोंकांत दुसरी खोंवून ती वर काढून दिली, ही आदिपर्वांतील कथा आमच्या वाचकांच्या घरीं लहानथोरांस ठाऊकच असेल. तो ब्राह्मण म्हणजे द्रोणाचार्य. पुढें त्यांस आचार्यपद मिळालें, कुमारांची धनुर्विद्या झाली, युद्धही झालें. पण द्रोणांचा कुरुकुलांतील प्रवेश मुलांच्या एका हरवलेल्या खेळण्यामुळें झाला, याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. ‘वीटा’ म्हणजे चेंडू असा अर्थ कित्येकजण करतात. भारतभावदीपकार नीलकंठ चतुर्धर मात्र तसा करीत नाहीं. यवाच्या आकाराचा, वीतभर लांकडाचा तुकडा, जो मुलें हातभर दांड्यानें उडवितात, ती वीटा, असें तो सांगतो. नीलकंठ सतराव्या शतकांत काशीस राहून ग्रंथ लिहीत होता, पण घराणें त्याचें गोदाकांठच्या कोपरगांवचें. बालपणीं नदीच्या वाळवंटांत त्यानें स्वतः विटी उडविली असली पाहिजे, असें आम्हांस राहून राहून वाटतें. नुसत्या कोशांतून असा अर्थ सुचत नाहीं.

आमचें गांव यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर, पैनगंगेच्या कांठीं आहे. पलीकडचा कांठ तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्याचा. पाऊस सरून पाणी पात्रांत उतरलें कीं घाटाच्या वरच्या अंगाची गांवठाणाची पडीत जागा मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत कोरडी ठणठणीत असते. कडुनिंब, बाभळी, चारसहा करंज आणि फाल्गुनांत पेटल्यासारखे दिसणारे पळस. येथेंच आमच्या पिढीनें विटी कोलली. गल खणावी, तिच्यावर विटी आडवी ठेवावी, दांडूनें ती कोलावी. समोरच्यानें झेलली तर गडी बाद, न झेलली तर त्यानें ती गलीवर ठेवलेल्या दांडूवर नेमकी फेंकून मारावी. आणि मग टोल्यांची ती मोजदाद — वकट, लेंड, मूंड, नाल! या शब्दांचा अर्थ आम्हीं त्या वयांत कधीं कोणास विचारला नाहीं. खेळांतले शब्द मंत्रासारखे असतात. अर्थावांचून त्यांचें कांहीं अडत नाहीं.

हा खेळ आतां आमच्या कांठावरून गेला. त्याचें खापर क्रिकेटवर व मोबाइलवर फोडण्याची रीत आहे, आणि तें अगदींच खोटें आहे असेंही नाहीं. परंतु आमच्या मतें दोन दोष त्याच्या अंगचेच होते. विटीला टोंक असतें, आणि तें डोळ्यावर येतें. आमच्या एका वर्गबंधूचा डोळा असाच गेला. त्या दिवसापासून गांवांतील निम्म्या घरांतील दांडू चुलींत गेले. दुसरा दोष असा कीं तो केवळ मुलग्यांचा खेळ होता. त्यांत बहिणीला जागा नव्हती, आईला नव्हती, आणि मिसरूड फुटलेल्या दादालाही चारचौघांत लाज वाटे. एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ असतात. जेवण, सण, आजारपण हीं सर्वांचीं मिळून होतात. पण खेळ मात्र ज्याचा त्याचा निराळा. पुरुषांचे पत्ते, बायकांच्या मंगळागौरीच्या फुगड्या, मुलींची आमच्या वऱ्हाडांतली भुलाबाई. सातापासून सत्तरीपर्यंतचीं माणसें एके ठिकाणीं, उघड्या हवेंत, एकच खेळ खेळत आहेत असें दृश्य आम्हीं साठी उलटेपर्यंत पाहिलें नव्हतें.

तें पाहिलें तें गेल्या वर्षीं, आणि त्याला निमित्त झाल्या तीन प्लास्टिकच्या चकत्या. आमचा भाचा कॅलिफोर्नियांत नोकरीस असतो. दिवाळीस आला तेव्हां मुलांसाठीं त्या घेऊन आला. तिकडे या खेळास डिस्क गोल्फ म्हणतात. गोल्फ म्हटल्यावर हिरवेंगार कुरण, चामड्याची पिशवी वाहणारा पोऱ्या आणि साहेब डोळ्यांपुढें येतो. तो येऊं देऊं नये. येथें काठी नाहीं, चेंडू नाहीं, कुरणही नाहीं. ठरलेल्या जागेवरून चकती फेंकावयाची आणि दूरच्या लक्ष्यापर्यंत शक्य तितक्या कमी फेंकींत ती पोहोंचवावयाची, एवढेंच. पहिली फेंक जेथें पडेल तेथूनच दुसरी. अशीं नऊ किंवा अठरा लक्ष्यें झाडांझुडपांतून एकामागून एक मांडलेलीं असतात, आणि सर्व मिळून ज्याच्या फेंकी कमी, तो जिंकला. ‘म्हणजे कमी मार्क मिळविणारा पहिला?’ असें आमच्या सात वर्षांच्या नातवानें विचारलें, आणि हा खेळ शाळेंत असता तर फार बरें झालें असतें असेंही तो म्हणाला. जन्मभर मार्क देण्यांत घालविलेल्या आम्हांस त्यावर उत्तर सुचलें नाहीं.

या खेळाची पूर्वपीठिका मनोरंजक आहे. अमेरिकेंतील ब्रिजपोर्ट गांवीं फ्रिझबी नांवाच्या गृहस्थाची भट्टी होती. तिच्या रिकाम्या पत्र्याच्या थाळ्या कॉलेजांतील विद्यार्थी एकमेकांकडे भिरकावीत. तिकडे १९२६ सालीं कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतांतील ब्लॅडवर्थ या खेड्यांतल्या शाळेचीं मुलें डब्यांचीं झाकणें वाळूंत आंखलेल्या वर्तुळांत फेंकून खेळत. १९३८ च्या सुमारास फ्रेड मॉरिसन नांवाचा तरुण समुद्रकांठीं केकची थाळी फेंकीत असतां कोणी तरी ती पांचपट दाम देऊन मागितली. धंद्याची कल्पना त्याला तेथें सुचली. पुढें त्यानें प्लास्टिकची चकती घडविली, व १९५७ सालीं ती बाजारांत ‘फ्रिझबी’ या नांवानें प्रसिद्ध झाली. या सर्वांत आम्हांस अधिक मानावासा वाटतो तो एड हेड्रिक. त्यानें चकतीच्या पाठीवर वर्तुळाकार रेषा उमटवून तिचें उडणें स्थिर केलें, आणि १९७५ सालीं लॉस एंजलिसजवळच्या ओक ग्रोव्ह बागेंत या खेळाचें पहिलें कायमचें मैदान मांडलें. ही बाग ज्या प्रवाहाच्या कांठीं आहे त्याचें नांव आरोयो सेको. स्पॅनिश भाषेंत त्याचा अर्थ कोरडा ओढा. पावसांत धांवणारा आणि उन्हाळ्यांत दगडगोटे उघडे पाडणारा. आमच्या जिल्ह्यांतील अर्ध्याअधिक नद्यानाल्यांस हेंच नांव शोभेल. पुराच्या भयानें जेथें कोणी घर बांधीत नाहीं आणि म्हणून जी जागा कोणाचीच नसते, ती त्यानें खेळाला दिली, ही त्याची खरी कल्पकता. २००२ सालीं तो वारला तेव्हां त्याच्याच इच्छेप्रमाणें त्याची रक्षा चकत्यांच्या प्लास्टिकांत मिसळण्यांत आली. अस्थि नदींत सोडणाऱ्या आम्हां लोकांस हें विचित्र वाटेल, पण त्या मनुष्याची निष्ठा मात्र समजते.

आमचें मैदान असें आहे. घाटाच्या वरच्या पायरीवरून पहिली फेंक. लक्ष्य समोरचा जुना कडुनिंब, सुमारें साठ पावलें. दुसरें लक्ष्य जोडबाभळींच्या पलीकडे. त्या दोन बुंध्यांमधून गेल्यावांचून सुटका नाहीं. तिसरें सोपें, पण तेथें सकाळीं कपडे धुणाऱ्या बायका असतात, म्हणून तें संध्याकाळींच खेळावें असा आमचा दंडक आहे. चौथें चढावर. पांचवें आमच्या सौभाग्यवतींनीं निवडलें, कारण तेथें बसावयास सपाट दगड आहे. सहावें व सातवें करंजांच्या सांवलींत. आठव्या व नवव्याला झाड मिळालें नाहीं, म्हणून खालच्या अंगाला बांबू रोंवले. ही मांडणी करण्यास एक रविवार, एक सुतळीचा गुंडा आणि खडू एवढेंच साहित्य लागलें. घरांतील प्रत्येकाला एक लक्ष्य निवडावयास दिलें होतें, आणि कोणतें कोणी निवडलें हें खेळणाऱ्याला स्वभाव ठाऊक असेल तर न सांगतां ओळखतां येतें.

पहिल्याच आठवड्यांत तंटे सुरू झाले. चकती झाडाला लागली कीं न लागतां पुढें गेली? नातू म्हणे लागली, त्याची थोरली बहीण म्हणे वारा लागला. हा तंटा आमच्याच घरचा नव्हे. ओक ग्रोव्ह येथेंही आरंभीं नुसते खांब रोंविले होते, आणि चकती खांबाला शिवली कीं नाहीं या वादाला कंटाळून हेड्रिकनें खांबाभोंवती सांखळ्या लोंबत सोडून खालीं लोखंडी टोपली बसविली. सांखळींत अडकून चकती टोपलींत पडली कीं वाद मिटला. १९७७ सालीं त्याला त्याचें पेटंट मिळालें. आमच्याकडे लोखंडी टोपलीची सोय कोठून असणार! कापूस वेंचणीचीं जुनीं टोपलीं माळ्यावर होतीं. तीं झाडांच्या बुंध्यांशीं कमरेइतक्या उंचीवर बांधलीं. सांखळीच्या जागीं शेजारच्या शेतकऱ्याकडून बैलांच्या घुंगरमाळा मागून आणल्या. आतां चकती आदळली कीं सारा कांठ घुमतो, आणि खोटें बोलण्याची सोय कोणालाच राहिली नाहीं.

फेंकण्याविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे, कारण बहुतेक माणसें प्रथम जोर लावतात आणि चकती गटांगळ्या खात पायाशींच पडते. अंगठा वर, चारही बोटें खालीं कांठाशीं मिटलेलीं. उजवा खांदा लक्ष्याकडे. चकती छातीशीं आणून सरळ रेषेंत ओढावी आणि शेवटीं मनगटाला झटका द्यावा, पत्ते वाटतांना देतों तसा, फक्त अधिक ठणकावून. सारें मर्म फिरकींत आहे. भोंवरा जोंवर फिरतो तोंवर एका आरीवर उभा राहतो; चकतीही फिरते म्हणूनच वाऱ्यावर आडवी टिकते. गति मंदावली कीं उजव्या हातानें अशी फेंकलेली चकती शेवटीं डावीकडे वळते. तो दोष नव्हे, तो तिचा स्वभाव आहे. शहाणा खेळाडू लक्ष्याच्या थोडें उजवीकडे फेंकतो आणि उरलेलें तिच्यावर सोंपवितो. वारा समोरून असला तर पुढची कड किंचित् खालीं ठेवावी, नाहीं तर चकती घारीसारखी वर चढते व तशीच मागें येते. आमच्या सौभाग्यवतींना हें सारें सांगावें लागलें नाहीं. पन्नास वर्षें भाकरी थापलेल्या हाताला फिरकी शिकवावी लागत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. आणि पांचव्या लक्ष्यावर त्या आम्हांस वरचेवर हरवितात, तेव्हां तें खोडूनही काढतां येत नाहीं.

चकत्यांची कड मात्र कठीण असते, हें आयाबापांनीं ध्यानांत ठेवावें. लहानांना साधी मऊ फ्रिझबीच द्यावी. वाटेंत माणूस किंवा जनावर असेल तर फेंकावयाचें नाहीं, आणि दिवेलागणीच्या सुमारास गुरें पाण्यावर येतात तेव्हां खेळ थांबवावयाचा. हे दोन नियम मोडणाऱ्याला त्या दिवशीं फेंक नाहीं. बाकी नियम थोडके. ज्याची चकती लक्ष्यापासून सर्वांत दूर, त्यानें आधीं फेंकावें. चकती पाण्यांत गेली तर एक फेंक दंडाची, आणि जेथून ती कांठ ओलांडून गेली तेथून पुढें.

आक्षेप आले नाहींत असें नाहीं. पारावरच्या एका वृद्ध स्नेह्यांनीं ‘मास्तर, या वयांत झाकणें फेंकतां?’ असें विचारलें. दुसऱ्यांनीं हा परदेशी खेळ कशाला, आपले काय थोडे आहेत, असा मुद्दा काढला. पहिल्यास आमचें उत्तर असें कीं डॉक्टरांनीं सांगितलेलें रोजचें चालणें आम्हीं वर्षभर टाळलें होतें, आणि या खेळांत नऊ लक्ष्यें होईपर्यंत तें नकळत घडतें. धांवावें लागत नाहीं, वांकावें लागतें तें चकती उचलण्यापुरतें, आणि मध्यें बसलें तरी डाव मोडत नाहीं. दुसऱ्याचें उत्तर थोडें लांबचें आहे. देशी खेळांचा अभिमान आम्हांसही आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ सालीं बर्लिनला जाऊन आपले खेळ दाखवून आले, त्या वार्ता वडिलांच्या तोंडून ऐकतच आम्ही वाढलों. पण त्यांनीं ते खेळ तेथें नेले ते तिकडच्या लोकांनीं पाहावेत म्हणूनच ना? तिकडचें चांगलें आपण पाहिलें तर बाट कसला! शिवाय फिरतें चक्र सोडण्याची कल्पना ज्यांच्या दैवताच्या बोटावर आहे, त्यांनीं चकतीला परकी म्हणावें, हें आम्हांस थोडें चमत्कारिक वाटतें.

तिसरा आक्षेप कोणी तोंडानें बोललें नाहीं, पण तो होता. सुनांनीं नदीवर खेळावयास जावें काय? आमच्या थोरल्या सूनबाई लग्न होऊन या घरीं आल्यास वीस वर्षें झालीं. नदीवर त्या वर्षांतून चारदोनदां जात. कार्तिकाचें स्नान, एखादें व्रताचें उद्यापन. हातांत पूजेचें ताट नसतांना, कामावांचून, त्या कांठावर कधीं उभ्या राहिल्या नव्हत्या. पहिले तीन दिवस त्यांनीं नुसत्या मुलांच्या फेंकी मोजल्या. चौथ्या दिवशीं आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘अग, फेंक कीं एक, पाहतंय कोण?’ पाहणारीं पुष्कळ होतीं. पदर खोंचून त्यांनीं फेंकलेली चकती बाभळींच्या मधून सरळ गेली, आणि घुंगरमाळ वाजली. त्या नंतर किती तरी वेळ झाडाकडे पाहत उभ्या होत्या. आतां संध्याकाळचा स्वयंपाक अर्धा तास आधीं उरकतो. हा अर्धा तास कोठून आला हें घरांतील पुरुषांनीं विचारावें असें आम्हीं सुचविलें, तेव्हां दळण आणण्याचें काम धाकट्या चिरंजीवांकडे गेलें असल्याचें समजलें.

एकदां आठव्या लक्ष्यावर वाऱ्यानें दगा दिला व निळी चकती पात्रांत गेली. जड प्लास्टिकच्या चकत्या बहुधा बुडतात, हीही बुडाली. मुलें रडकुंडीस आलीं. जाळें वाळत घालीत असलेल्या एका भोई मुलानें सूर मारला आणि तिसऱ्या बुडीला ती वर आणली. त्याला मोबदला नको होता, फेंक हवी होती. तेव्हांपासून तो आमच्यांतला झाला, आणि त्याच्याबरोबर आणखी दोघे. त्याच्या आईचें माहेर नदीपलीकडचें, त्यामुळें तो आपल्या फेंकी मोजतो त्या आईच्या भाषेंत: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. आमचा नातू खिदळूं लागला. हे शब्द त्याला बनावट वाटले. मग आम्हीं त्याला पायरीवर बसवून वकट, लेंड, मूंड, नाल म्हणून दाखविलें. क्षणभर तो गप्प राहिला. ‘म्हणजे तुम्ही तेलुगूंत खेळत होतां?’ असें त्यानें विचारलें. कोणाची विटी कोणत्या काळीं कोणाच्या कांठीं उडाली आणि मोजणी ठेवून गेली, हें आतां कोण सांगणार! पण भाषाशास्त्राचा इतका टवटवीत धडा आम्हांला वर्गांत कधीं देतां आला नव्हता. आतां सगळींच मुलें पहिल्या चार फेंकी तेलुगूंत मोजतात. पांचवीपासून मराठी. पांचवी फेंक लागणें म्हणजे खेळ बिघडला असें समजतात, त्यामुळें मराठीचा उच्चार थोडा खिन्न असतो.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें सारें लिहावयास बसलों ती. माघांत एके दिवशीं नात धांवत आली आणि म्हणाली, ‘आजोबा, सहावें झाड नाहीं.’ आम्ही गेलों. करंजाचा बुंधा जमिनीबरोबर कापलेला होता, टोपलें बाजूस नीट ठेवलेलें, आणि तेथून नदीकडे ट्रकच्या चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या. पैनगंगेची रेती दूरदूर जाते. तिच्यासाठीं नवी वाट पाडली होती. त्या कांठावरचीं किती झाडें गेल्या दहा वर्षांत अशीं गेलीं हें गांवांत कोणीच सांगूं शकलें नाहीं, कारण कोणीं मोजलींच नव्हतीं. आम्हींही नव्हे, चाळीस वर्षें त्याच वाटेनें आंघोळीस जात होतों. पण या झाडाला क्रमांक होता. तेथें कोणाची फेंक कोठें अडली, कोणाची चकती कोणत्या फांदीवर दोन दिवस राहिली, हें मुलांना तोंडपाठ होतें. नातीनें वहीचें पान फाडून ग्रामसभेला अर्ज लिहिला. भाषा आम्हीं तपासली नाहीं, तिनें तपासूं दिली नाहीं. अर्जासोबत मैदानाचा नकाशा होता, त्यांत नऊ लक्ष्यें, त्यांशिवाय भोंवतालचीं एकतीस झाडें, प्रत्येकाचें नांव व बुंध्याचा घेर सुतळीनें मोजून लिहिलेला. सभेंत अर्ज वाचला गेला. कांहींजण हंसले. एका वजनदार गृहस्थांनीं खेळासाठीं गांवचा धंदा बुडवावयाचा काय, असें विचारलें. तेव्हां घाटावर कपडे धुणाऱ्यांपैकीं एक म्हातारी उभी राहिली आणि म्हणाली कीं ट्रक आल्यापासून तिसऱ्या टोपल्यापाशीं पाणी गढूळ येतें. तिसरें टोपलें! जागा सांगावयास तिला तोच शब्द सांपडला. सभेनें त्या वाटेच्या तोंडाशीं दोन मोठे दगड टाकण्याचें ठरविलें. दगड पडले आहेत. ट्रक खालच्या गांवाकडून जातात असें ऐकतों. म्हणजे रेती जातेच आहे. तेथें कोणी खेळत नाहीं.

कापलेल्या करंजाला होळीनंतर खोडांतून धुमारे फुटले. नवें रोप लावावें असें आम्ही म्हणत होतों, पण भोई मुलाच्या मतें करंज मुळापासून पुन्हा उठतो, फक्त शेळ्यांपासून राखावा लागतो. म्हणून बाभळीच्या कांट्यांचें कुंपण घातलें आहे. तूर्त सहावें लक्ष्य त्या कुंपणापासून दहा पावलांवर बांबूवर टांगलें आहे, आणि कुंपणांत चकती गेली तर ती हातानें न काढतां काठीनें काढावी असा नवा नियम झाला आहे.

आषाढांत पैनगंगा फुगली कीं आठवें व नववें लक्ष्य पाण्याखालीं जातें, आणि वरच्या जागेंत काळ्या मातीचा असा रेंदा होतो कीं चप्पल रुतून बसते. तेव्हां ज्येष्ठाच्या अखेरीस बांबू उपटून, टोपलीं उतरवून माळ्यावर ठेवावयाचीं आहेत. घुंगरमाळा तेवढ्या पुसून, तेलपाणी करून पोळ्याच्या आधीं शेजारीं परत पोंचविल्या पाहिजेत. त्या बैलांच्या आहेत.